भुवई

आमच्याकडे ‘नाही’ म्हणायला शब्द लागत नाही.
भुवई वर जाते, जीभ टाळूला चिकटून सुटते: च्चक्.
बाबांची जीभ ऑक्टोबरात गेली,
उजवा हात गेला.
राहिली ती डावी भुवई.

पहिल्या सकाळी ती वर गेली
मी साबणाची कांडी वाटीत बुडवून
ब्रशनं घुसळायला लागले तेव्हा.
फेस झाला, पण भांडी घासताना होतो तसा,
मोठमोठे बुडबुडे,
गालावर पोचेपर्यंत अर्धे फुटलेले.

दुसऱ्या दिवशी कांडी थेट गालावर, कोरडीच.
खुंटांवर साबणाचा कीस पडला,
किसणीवर पडतो तसा.
भुवई.
तिसऱ्या दिवशी पाणी जास्त.
गळ्यावरून ओघळून ते बनियनमध्ये गेलं.
भुवई, आणि डोळेही मिटून घेतले.

लहानपणी मी हा माणूस सकाळी पाठमोराच पाहिला:
पाळीला जायच्या आधी, खिळ्यावरच्या आरशासमोर,
मानेच्या घड्यांत दिवरीईच्या खाणीची तांबडी माती,
कुठल्याच साबणाला न बधलेली.
समोरून तो कसा भिजतो, मला काय ठाऊक?
आठवड्यात फेस आला तो फक्त माझ्याच तोंडाला.

मग गेले स्टेशनजवळ, हमदी उस्ताकडे.
त्याचे हात आता थरथरतात,
वस्तरे सगळे पुतण्याला दिलेत.
शेगडीजवळून न उठता म्हणाला:
“नूरजिहान, आधी ऊन फडकं. गालाला घाम फुटू दे.
मग कांडी खालून वर, केसाच्या उलट.
मांजराला उलटं कुरवाळल्यासारखं.
ते चिडायच्या आत थांबायचं.
ब्रश तीनदा झटक. अजून एकदा झटक.
साबण गालावर आहे, पाणी ब्रशच्या टोकाला,
दोघांची सोयरीक जमवायची आहे,
वरात पुरात घालायची नाही.”
हसला. खोकला. मग म्हणाला,
“आणि नळाचं पाणी घेऊ नकोस.
त्यात हरभरा शिजत नाही, फेस काय येणार?
शाबान बर्फ वितळवायचा. सांगितलं नाही तुला?”

नाही सांगितलं.
चुलीच्या कडेला ते बिनकानाचं पातेलं असायचं,
डिसेंबर ते मार्च.
आई हात लावू द्यायची नाही.
मला वाटायचं, चहाचं असेल.

रात्री कोळशाच्या खोलीच्या छपरावरून
काजळीचा थर बाजूला सारून खालचा बर्फ काढला.
पातेलं शिगोशीग भरलं होतं.
वितळल्यावर ओंजळभर पाणी. बास?
एवढ्यात एक चेहरा?

फडकं. कांडी, उलट. ब्रश, चारदा झटकून.
आधी काहीच नाही, नुसती चकाकी.
टोक बुडवलं, गोल फिरवलं,
पुन्हा टोक, पुन्हा गोल,
आणि आवाज बदलला.
खरखर होती ती मऊ झाली,
मग ऐकूच येईना.
दही लागतं तसा फेस लागला,
घट्ट, बुडबुडा एक नाही,
ब्रश उचलला तर शेंडी उभी राहिली
आणि सावकाश वाकली.

मी भुवईकडे बघितलं.
जागच्या जागी.

आणि तेव्हा दिसलं:
उजवीकडे ओघळलेला ओठ फेसाखाली गेला होता.
दोन्ही गाल सारखे.
सप्टेंबरातला माणूस खुर्चीत बसला होता,
पांढऱ्याशुभ्र दाढीतला,
आत्ता काहीतरी बोलेल असा,
बहुतेक कोळशाच्या भावाबद्दल.

रेझर हातात होता.
मी तो खाली ठेवला, पुन्हा ब्रश घेतला,
गरज नसलेल्या जागी एक फेरा दिला,
अजून एक.
पाणी गार होत होतं. खिडकीतून मालगाडी गेली,
मी डबे मोजले, सव्वीसपर्यंत.

भुवई वर गेली.
या वेळी कशाला, ते मला कळलं.
“च्चक्,” त्यांच्या वतीनं मीच म्हटलं,
आणि कानाजवळून सुरुवात केली,
डाव्या.